मिस्त्रीकडे नापास

अमडापूरला मी सात वर्षं मास्तर होतो. जिल्हा परिषदेची शाळा, आणि जिल्हा परिषदही तेव्हा नवी कोरी. इतक्या वर्षांत शाळेतले किस्से साठायला हवे होते, पण शाळेत मुलं यायची, पाढे म्हणायची आणि घरी जायची. किस्से घडायचे समोरच्या तुकाराम मिस्त्रीच्या दुकानात. शाळा सुटली की आम्ही दोघं-तिघं तिथे बाकावर टेकायचो. एक किस्सा चारचौघांत सांगितला की त्याच्या मागोमाग दुसरा आठवतो, आणि घरचे लोक जेवायला हाका मारत राहतात.

हा तुकाराम मिस्त्री हेडफोन करायचा. विकत आणून विकायचा नाही, स्वतः करायचा. आधी तो शेतावरची इंजिनं दुरुस्त करायचा, मग रेडिओ, आणि मग कोण जाणे कसा, याच नादी लागला. जुन्या टेलिफोनमधलं लोहचुंबक, केसाहून बारीक तांब्याची तार, आत पत्र्याची पातळ चकती, डोक्यावर घड्याळाच्या स्प्रिंगची पट्टी आणि कानाला बकरीच्या मऊ चामड्याची गादी. वर्षाला पाच-सहा नग व्हायचे. एकाची किंमत माझ्या महिन्याच्या पगाराएवढी. तरी लोक चिखलीहून, मेहकरहून यायचे.

आता मला हेडफोन का हवा होता ते सांगतो. मी हौसेनं रेडिओ घेतला होता. घरमालक अप्पा दारात उभे राहून म्हणाले, "गुरुजी, रेडिओ ठेवा. वाजवू नका." अप्पांना घरात आवाज चालत नसे, स्वतःचा सोडून. खोली चांगली होती, भाडं कमी होतं. त्यामुळे रेडिओ विणकाम केलेल्या रुमालाखाली बसून राहिला. पोस्टात त्याचं लायसन्स मी दर वर्षी भरायचो. पोस्टमास्तर कुळकर्णी पावती फाडताना म्हणायचे, "मुक्या जनावराचा एवढा खर्च कोणी करत नाही हो."

मुंबईचे तयार हेडफोन मिळायचे. पण मी एकदा मिस्त्रीचा हेडफोन लावून सारंगी ऐकली होती. त्यानंतर तयार हेडफोनमध्ये गवई डब्यात बसल्यासारखा वाटायचा. म्हणजे हवा तर मिस्त्रीचाच. आणि मिस्त्री कुणालाही द्यायचा नाही. आधी परीक्षा घ्यायचा.

* * *

पहिला नापास मीच.

दुकानात एक लांब फळी होती. तिच्या एका टोकावर रेडिओ आणि रेडिओपुढे लाकडी खोकं, म्हणजे गिऱ्हाइकाला तारा कुठे जातात ते दिसू नये. मला तेव्हा या खोक्याचं काही वाटलं नाही. मिस्त्रीनं एक हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला, कानांवर नीट बसवला आणि डोळे अर्धे मिटून माझ्याकडे बघत राहिला.

मला काही ऐकू येईना. वाटलं, आपल्याच कानाला वळण नाही. एवढा कारागीर समोर उभा आहे, जाणकार माणसाला यात नक्की काहीतरी ऐकू येत असणार. मी मान हलवली आणि म्हणालो, "वा. काय गोडवा आहे."

मिस्त्रीनं खोक्यामागून हात वर काढला. हातात तार होती, तारेच्या दोन्ही पिना लोंबत होत्या.

"गुरुजी, गोडवा तं माह्या हातात हाये."

मी ओशाळून हसलो. तो हसला नाही. "ज्याले जे ऐकू येते ते सांगता येत नाही, त्याच्यासाठी म्या तारेचे वेढे काऊन मोजत बसू?"

"पुन्हा एकदा घ्या ना परीक्षा."

"फेरपरीक्षा तुमच्या शाळेत. इथं नाही."

पुढची चार वर्षं मी त्या दुकानात बसलो, चहा प्यालो, पण हेडफोनचा विषय काढला की मिस्त्री खिळे चाळायला लागायचा.

* * *

कुळकर्णी मात्र पहिल्याच दिवशी पास झाले. ते पुण्याचे. त्यांनी हेडफोन लावला, दोन सेकंदांत काढला आणि म्हणाले, "यात काहीही ऐकू येत नाही. शिवाय ही तुमची खुर्ची डुगडुगते आहे, आणि पाटीवर 'दुरुस्ती'चा 'दु' पुसला गेलाय."

मिस्त्री खूश झाला. "पास. बसा, मापं घेतो."

माप घेण्याची त्याची रीत अशी. गिऱ्हाइकानं फळीच्या एका टोकाला पाठ करून बसायचं, एक कान दाबून धरायचा. मिस्त्री खिशातलं चाबीचं घड्याळ फळीवरून हळूहळू लांब न्यायचा. टिकटिक येते तोवर गिऱ्हाइकानं "येते" म्हणायचं. थांबली की तिथे मिस्त्री एक बारका खिळा ठोकायचा. मग दुसरा कान, दुसरा खिळा. त्या हिशेबानं प्रत्येक कानाच्या तारेचे वेढे कमीजास्त. फळीवर सगळ्या गिऱ्हाइकांचे कान असे ठोकलेले होते.

कुळकर्ण्यांच्या उजव्या कानाचा खिळा डाव्यापेक्षा वीतभर अलीकडे पडला. "हे शक्य नाही," ते म्हणाले. पंधरा दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. सोळाव्या दिवशी आले, तयार झालेला हेडफोन लावला, आणि एक अक्षर न बोलता तासभर बसून राहिले. कुळकर्णी एक तास गप्प बसले, हे मी अमडापुरात एकदाच पाहिलं.

फळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, दारापाशी, एकच खिळा होता. तो मिस्त्रीचा स्वतःचा. तिथवर कुणाचा कान पोचला नव्हता. मिस्त्री त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हा इथं हाये तोवर दुकान हाये. हा बोटभर इकडं सरकला का म्या कुलूप लावन. आंधळ्यानं चित्रं नाही काढावं."

* * *

एकदा धामणगाव बढ्याचे एक पाटील आले. मोठे जमीनदार, बैलांच्या धमणीतून, सोबत वयस्क गाडीवान. पाटील बसले, हेडफोन लावला. मी बाकावर पुढे सरकून बसलो होतो, कारण पिना कुठे आहेत हे मला आता माहीत होतं.

पाटलांनी डोळे मिटले. मांडीवर ताल धरला. ताल, मी सांगतो, चुकत नव्हता. मग म्हणाले, "काय आवाज हाये मिस्त्री. बाई माह्या शेजारी बसून गाऊन राह्यली असं वाटते."

मिस्त्रीनं पिना वर काढल्या. पाटील तांबडे-लाल झाले. मला इतका आनंद झाला की लपवता येईना. चार वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या बाकावर सोबत मिळाली होती.

पाटील म्हणाले, "यंत्र बिघडेल हाये तुमचं. सोनाजी, तू पाहा बे लावून."

सोनाजी गाडीवानानं पटका काढून हेडफोन लावला. घाबरत मालकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मालक, याच्यात तं काईच नाही वाजून राह्यलं."

"पास," मिस्त्री म्हणाला आणि सोनाजीला फळीपाशी बसवलं.

पाटलांना आता माघार घेता येईना. पैसे त्यांनीच दिले. सोनाजीकडे रेडिओ नव्हता. पुढे थंडीच्या दिवसांत तो धमणी हाकताना हेडफोन लावून बसायचा. वारा लागत नाही म्हणायचा. पाटलांना रेडिओ ऐकायचा झाला की ते गाडीवानाकडून हेडफोन मागून घ्यायचे. पण सोनाजीचा डावा कान जरा मंद, त्यामुळे डावीकडे तार जास्त गुंडाळलेली. पाटलांना बाई डाव्या कानात ओरडतेय असं वाटायचं. तक्रार घेऊन आले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "बाईचं काही चुकलं नाही, पाटील. दुसऱ्याच्या कानानं आयकून राह्यले तुमी."

* * *

नापास झाल्यावर माणसाचा भरवसा उडतो. एकदा मिस्त्रीच्या बायकोनं, गंगूबाईनं, चहा दिला. घोट घेतला तर साखर नाही. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आलीच परीक्षा.

"साखर नाही," मी ठणकावून सांगितलं.

"हाव, घरातली सरली," गंगूबाई आतून म्हणाली. "सांगाचं राहून गेलं."

मिस्त्री म्हणाला, "सुधारून राह्यले गुरुजी." पण हेडफोनचं नाव काढलं नाही. त्यानंतर मी त्या घरात पोहे खारट झाले तरी सांगायचो. गंगूबाईचं माझ्याबद्दलचं मत त्या काळात बरंच उतरलं.

* * *

दसऱ्याला मिस्त्री हत्यारांची पूजा करायचा. पक्कड, हातोडी, कात्री, घड्याळ, सगळं पाटावर मांडून झेंडूची फुलं. पूजा झाली की दर वर्षी तो स्वतःचं माप घ्यायचा. गंगूबाई घड्याळ धरायची, हा पाठ करून बसायचा.

त्या वर्षी मी आणि कुळकर्णी सोनं द्यायला गेलो होतो. मिस्त्री बसला. गंगूबाई घड्याळ घेऊन फळीच्या कडेनं चालू लागली. "येते," मिस्त्री म्हणाला. "येते. येते." असं म्हणत म्हणत ती दारापर्यंत पोचली. मिस्त्री उठला, आपल्या जुन्या खिळ्यावर हातोडीचा एक टोला दिला आणि समाधानानं बसला. आम्ही वा वा केलं.

निघताना गंगूबाईनं अंगणात मला आपट्याचं पान दिलं आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, घड्याळ बंद होतं. सकाळपासून पाटावर होतं, कोणी चाबीच देल्ली नाही. मले हातात घेतल्यावर समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सणाचा दिवस," ती म्हणाली आणि आत गेली.

मी वाटेत कुळकर्ण्यांना सांगितलं. ते रस्त्यात थांबून हसले. "परीक्षकच नापास!" आठ दिवस आम्हाला हा किस्सा पुरला. मिस्त्रीपुढे अर्थातच काढला नाही. खोक्यामागून पिना वर काढणारा माणूस बंद घड्याळाला "येते" म्हणाला, याची आम्हाला फार गंमत वाटली. आज सांगताना तेवढी वाटत नाही.

* * *

दिवाळीनंतर मिस्त्रीनं एके दिवशी माझ्या दंडाला धरलं आणि फळीपाशी बसवलं. घड्याळ चालू होतं. दोन खिळे ठोकले, माझे. मी त्या रात्री रेडिओवरचा रुमाल काढून धुवायला टाकला.

महिन्याभरानं निरोप आला, या. रविवारची सकाळ होती. मी एकच गोष्ट ठरवून गेलो होतो. जे ऐकू येईल तेच सांगायचं. या खेपेला तो खोक्यामागे काहीही करो, मी फसणार नव्हतो.

नवा हेडफोन फळीवर ठेवला होता. इतका देखणा नग त्यानं आधी केलेला मी पाहिला नव्हता. चामड्याची शिवण एकसारखी, पट्टीला तेलाचा हात. मिस्त्रीनं तो आधी स्वतःच्या कानांना लावला. डोळे मिटून मान हलवली. मग काढून माझ्या डोक्यावर चढवला, गाद्या नीट बसवल्या.

"कसं वाटते?"

सगळं शांत. मला हसू आलं. चार वर्षांनी प्रश्न तोच आला होता आणि मला उत्तर पाठ होतं.

"काही ऐकू येत नाही, मिस्त्री. आता वायर जोडा."

त्यानं गाद्या पुन्हा दाबून बसवल्या. "नीट आयका."

"नीटच ऐकतोय. काहीसुद्धा नाही. या वेळी नाही फसायचा मी."

उंबऱ्याशी गंगूबाई ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

मिस्त्रीनं दोन्ही हातांनी खोकं बाजूला सरकवलं. पिना रेडिओत होत्या. दोन्ही.

तो वाकला, त्या काढल्या. खुंटीवरचा स्वतःचा जुना हेडफोन घेतला, त्याच्या पिना त्याच भोकांत घातल्या आणि तो माझ्या कानांवर ठेवला. सनई होती. इतकी स्वच्छ की वाजवणाऱ्यानं मध्ये घेतलेला श्वासही ऐकू येत होता. मी एक कान मोकळा केला.

"वाजते?" मिस्त्रीनं विचारलं.

खोटं बोलावंसं मला त्या दुकानात दोनदाच वाटलं. त्यातली ही दुसरी वेळ.

"वाजते," मी म्हणालो.

"पास झाले तुमी, गुरुजी. राहू द्या तो कानावर, तुमचाच आता."

मग पक्कड घेऊन तो दारापाशी गेला. फळीच्या टोकाचा खिळा जुना होता, गंजलेला, दोन झटक्यांत निघाला नाही. तिसऱ्याला निघाला. तो त्यानं मुठीत धरला, फळीच्या अलीकडच्या टोकाला येऊन आमच्याकडे पाठ करून बसला, आणि गंगूबाईला म्हणाला,

"घड्याळाले चाबी दे. अन् ये इकडं."