गोजरामामीचं कुंकू

माझ्या गोटीराममामाइतका हट्टी माणूस अख्ख्या कामोठ्यात शोधून सापडायचा नाही. भाताची शेतं गेली, तिथे त्याच्या पोराची, मिथुनची, चार मजली बिल्डिंग उभी राहिली, पण मामा होता तसाच. चहा बशीतूनच पिणार, लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही आणि दर अमावास्येला मामीच्या फोटोला कुंकू लावणार.

गोजरामामी काविळीने गेली तेव्हा मिथुन पाळण्यात होता, माझा तर जन्मही झाला नव्हता. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे अहेव गेली. मग मामाचं एकच म्हणणं, मी जिता आहे तोवर तिचं कपाळ रिकामं राहायचं नाही. फोटोही एकच, लग्नानंतर पनवेलच्या स्टुडिओत काढलेला. घर बदलताना त्याची काच फुटली. नवी बसव म्हणून सांगून सांगून आमची तोंडं दुखली. हा म्हणायचा, "काच मदी आली तं कुकू कपालाला लागंल कसा?" आणि ओलं कुंकू थेट कागदावर! व्हायचं तेच झालं. आधी कपाळ गेलं, मग डोळे, मग नाक. गेल्या दिवाळीत बघितलं तर मामीच्या तोंडाच्या जागी नुसता चिकट डाग. मिथुनने तेव्हा कुठे काच बसवून आणली. बैल गेला नि झोपा केला!

त्यानंतर मामा तापाने पडला. उठला तो अर्धाच उठला. एक दिवस मला म्हणाला, "अक्षता, डोले मिटले का ती दिसायची. आता दिसत नाय गो." आणि रडायला लागला. मामाला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात मला आठवलं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. मी तिथे लागायच्या कितीतरी आधी ग्रंथालयाने आमच्या देवळात शिबिर भरवलं होतं, लोकांकडचे जुने फोटो स्कॅन करून घेतले होते. मुलांना शिकवायला, संशोधनाला. मामानेही मामीचा फोटो नेला होता, आणि तेव्हा तो बराच शाबूत होता. म्हणजे मामीचा चेहरा आमच्या कम्प्युटरमध्ये असणार! मामाने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. रिक्षात बसला तो अगदी नवरदेव.

आमच्या चित्रसंग्रहाचं काम बघणाऱ्या आतिफने फोटो उघडला. खाली लिहिलेलं, 'आगरी स्त्री, पारंपरिक पेहराव'. नाव नाही, गाव नाही. "काका, हा आमचा फेमस फोटो," आतिफ म्हणाला. "मुलं लुगड्याचा अभ्यास यावरूनच करतात." फोटो मोठा करत तो वर वर गेला. निऱ्या लख्ख, काठ लख्ख, गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी लख्ख.

आणि वर, कपाळ माझं! भुवयांपासून हनुवटीपर्यंत कुंकवाचे ओघळ. ओले, ताजे.

"देवलात चार मानसांत न्यायची व्हती," मामा पुटपुटला. "रिकाम्या कपालानं कशी नेऊ? मीच लावला. जरा जास्तीच लावला."

"अरे, एक दिवस दम धरला असतास तर!" मी ओरडलेच. ओरडले आणि मलाच भडभडून आलं.

मामाने काही ऐकलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक ओठाने ओलं केलं आणि पडद्यावर हळूहळू फिरवलं.

आतिफला राहवेना. "काका, पुसतो ना मी. एवढं कुंकू काढायचं. खालचं काही उरलेलं नाही, पण चेहरा कम्प्युटर अंदाजाने भरतो. टेन्शन नका घेऊ." त्याचा हात माऊसवर गेला.

मामाने त्याचं मनगट धरलं. "पुसू नुको. मी जिता हाय अजून."

"मामा, मग ती तुला दिसायची कशी?" मी विचारलं.

मामा टॉवेल खांद्यावर टाकून उठला.

"मी मेल्यावर पुसा," म्हणाला. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. "पन मंग ही गोजराच हाय का, ते सांगनार कोन गो?"