तायडे, उणे बावन्न

कारकुनाच्या टेबलाचा खालचा खण कुणी मुद्दाम भरत नाही. टाचण्या, तुटकी रबरं, बिनटोपणाची पेनं तिथं आपोआप जमतात. आमच्या अनसिंगच्या वाचनालयात किस्से तसेच जमतात. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता निवांत पुस्तकं वाचू. पण माणसंच वाचून संपत नाहीत, पुस्तकांचा नंबर कधी लागायचा!

*

वाचनालयात इंटरनेट आलं, ते अडखळतच. जोडून देणाऱ्यानं कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकला. 'स्कॅन' दाबलं की आसपासच्या घरांतली वाय-फाय नावानिशी दिसायची, पुढं प्रत्येकाच्या सिग्नलचा आकडा. "अधूनमधून बघत जा," एवढं सांगून तो गेला.

ग्रंथपाल मंगलाताईंना मी म्हटलं, "नुसतं बघून काय उपयोग? नोंद ठेवा!" त्यांनी रजिस्टर आखलं. रोज सकाळी दहाला स्कॅन. नाव, आकडा, शेरा. "शेऱ्याचा रकाना रिकामा सोडायचा नाही," ही शिस्तही माझीच. सरकारनं मला इतकी वर्षं पोसलं, ते काय उगीच!

*

समोरच्या बंगल्यातले भाऊराव देशमुख एकदा ते रजिस्टर चाळत बसले. त्यांचा आकडा अठ्ठ्याऐंशी. वाचनालयाच्या मागे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या तायडे गुरुजींचा बावन्न. गुरुजी तिथंच पेपर वाचत होते.

"पाह्यलं का मास्तर? छत्तीसनं मांगं हा तुमी!" भाऊरावांनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं, प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याआधी उण्याची खूण आहे. उणे जितकं कमी, तितका सिग्नल चांगला. मंगलाताईंनी ती खूण लिहिलीच नव्हती.

"सगळ्यायलेच उणे हाय, मंग लिहायचं कायले?" त्या म्हणाल्या.

भाऊराव उखडले. "माह्या घरी उणे? अन् थे बी मास्तरपेक्षा जास्त?"

गुरुजी म्हणाले, "जाऊ द्या भाऊराव. चहा चांगला होता बरं!"

*

गुरुजींची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा प्रदीप पुण्याला. बाबांनी आपल्याकडं येऊन राहावं असा त्याचा धोशा, आणि गुरुजींना अनसिंग सोडायचं नव्हतं. शेवटी तह झाला. प्रदीपनं घरात वाय-फाय बसवलं. गुरुजींनी रोज सकाळी दहाला मोबाइलवर तोंड दाखवायचं. एक दिवस जरी चुकला, तर बॅग भरायची!

गुरुजी झोपताना राउटर बंद करत. "त्यालेबी इसावा पायजे." त्यामुळं दहाच्या स्कॅनमध्ये 'तायडे' दिसले की गुरुजी उठले, असं आम्ही समजत असू.

एका सकाळी तायडे एकदम उणे एक्क्याण्णव! जाऊन पाहतो तर राउटर लोखंडी कपाटात, वर कुलूप.

"हे काहून केलं गुरुजी?"

"चोरीची भीती नाही, अन् धूळ बी बसत नाही."

"अन् प्रदीपले तोंड कसं दिसते?"

"अर्धं दिसते. पुरं पायजे, असं ठरलंच कुठी होतं?" त्याच दिवशी आम्ही राउटर कपाटातून बाहेर काढायला लावला.

*

मग एका सोमवारी दहा वाजता यादीत तायडे नव्हतेच. मंगलाताईंनी पुन्हा स्कॅन केलं. नाही. भाऊराव चप्पल न घालताच निघाले, मागोमाग आम्ही दोघं.

गुरुजी न्हाणीपाशी घसरले होते. भिंतीला टेकून, घोटा धरून बसलेले. भाऊराव उचलायला वाकले तर गुरुजी ओरडले, "मले मंग उचला! पयले थे राउटरचं बटन दाबा!"

बटन दाबलं. प्रदीपला तोंड दिसलं, पुरं दिसलं. फक्त ते फरशीवरून दिसलं.

दुसऱ्या दिवशी प्रदीप अनसिंगला हजर!

*

घोट्याला पट्टी होती, घरात बॅग भरलेली होती. पुण्याच्या बसची दोन तिकिटं छापायला प्रदीप वाचनालयात आला. प्रिंटर गरम होईपर्यंत त्यानं समोरचं रजिस्टर उघडलं.

'तायडे, उणे बावन्न. शेरा: उठले.'

'तायडे, सात मिनिटं उशीर. शेरा: देशमुख पाहून आले, दाढी करत होते.'

'तायडे, उणे एक्क्याण्णव. शेरा: कपाटात.'

'तायडे, नाही. शेरा: तिघे गेले.'

तो पहिल्या पानापासून वाचत गेला. दोन्ही तिकिटं कधीच बाहेर आली होती.

"ताई, हे लिहायला कोनं सांगतलं तुमाले?"

मंगलाताईंनी माझ्याकडं बोट केलं. "शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू देत नाहीत हे."

प्रदीपनं एक तिकीट उचललं. दुसरं ट्रेमध्येच राहिलं.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाचा फोन वाजला. प्रदीपच होता.

"ताई, दहा वाजून गेले. आकडा?"

"उणे बावन्न."

"अन् शेरा?"

मंगलाताईंनी पेन हातात धरूनच दाराकडं पाहिलं.

"थांब जरासा. भाऊरावसंग भांडून राह्यले."