पेल्हमसाहेबांची मेजवानी

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात अरुणा दीक्षितांना सगळे "स्वीट" म्हणायचे. मी त्यांच्या पलीकडच्या टेबलावर बसायचे, त्यामुळे मला माहीत होतं: बाईंनी एकदा मनात धरलं की धरलं.

बिझनेसची मुलं दर वर्षी दोन आठवडे पुण्याला जात, तिथली संस्कृती आणि धंदा बघायला. ही ट्रिप अरुणाताईंनीच उभी केलेली. भावाचा, श्रीकांतचा, भोसरीतला कारखाना दाखवायचा, मग त्याच्या घरी सगळ्यांना जेवायला न्यायचं. २००६ साली त्यांनी कारखान्याची भेट मुद्दाम वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी धरली. वडील गेले तेव्हा त्या वेळेवर पोचल्या नव्हत्या. निदान श्राद्धाला घरी असावं, एवढंच त्यांना हवं होतं. जूनमध्येच त्यांनी नवे प्रमुख डॉ. पेल्हम यांना ईमेलमध्ये हे सगळं सविस्तर लिहिलं होतं.

पेल्हमने ती ईमेल उघडलीसुद्धा नसावी. ऑगस्टमध्ये तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अरुणा, यंदा तुझ्या सीटवर माझी बायको येतेय. कल्चरचं मी बघेन, मी तीनदा इंडियाला गेलोय. तू ऑफिसचे फोन सांभाळ." म्हणजे रजाही नाही! माझं डोकं असं फिरलं की हातातला चहा त्याच्यावर ओतावा. ताई मात्र "ओके" म्हणाल्या.

श्राद्धाच्या दिवशी त्या फोनपाशी बसून होत्या. जेवल्या नाहीत.

ट्रिपहून आल्यावर पेल्हमने रिपोर्ट लिहिला आणि टाइप करायला ताईंच्याच टेबलावर आणून टाकला. मी वाचला आणि हसू की रडू कळेना. 'आमच्या सन्मानार्थ यजमानांनी खीर, वडे आणि अनेक भाज्यांची मेजवानी दिली. पहिलं पान गच्चीवर पक्ष्यांसाठी ठेवलं गेलं. भारतीयांचं हे निसर्गप्रेम हृद्य होतं. एक कावळा आला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.'

मी फोन करून श्रीकांतला विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? तो म्हणाला, "अहो सुनीती, दारात आलेल्या पाहुण्यांना जेवू घातलं. ते टाळ्या वाजवायला लागल्यावर काय बोलणार?"

"ताई, हे करेक्ट करायला हवं ना?"

"का ग? सर एक्स्पर्ट आहेत." असं म्हणून त्यांनी स्वल्पविरामही न बदलता सगळं टाइप केलं. पेल्हम हा रिपोर्ट एका समारंभात वाचून दाखवणार होता, त्याची आमंत्रणं काढायचं कामही त्यांच्याकडेच होतं. गावातल्या एकूण एक भारतीय व्यापाऱ्याला त्यांनी बोलावलं. वयस्करांना तर स्वतः फोन केले.

त्या दिवशी हॉल भरला होता. ताई मोतिया रंगाची साडी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, मी शेजारी. पेल्हमने मेजवानीचा परिच्छेद अगदी रंगवून वाचला. मागे पडद्यावर फोटो होता. हा मधल्या पाटावर मांडी घालून बसलेला, शेजारी बायको, आणि भिंतीवर ताईंच्या वडिलांची तसबीर, ताजा हार घातलेली. कावळ्याचं वाचून झालं आणि तो टाळ्यांसाठी थांबला. एकही टाळी पडली नाही. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी ताईंचा हात घट्ट धरला. तो थंडगार होता.

पहिल्या रांगेतले पटेलकाका सावकाश उठले. "डॉक्टर," ते इंग्रजीत म्हणाले, "हे श्राद्धाचं जेवण आहे. गेलेल्या माणसासाठी करतात. तुम्ही कुणाच्या श्राद्धाला जेवून आलात?"

पेल्हम कागद उलटे-पालटे करू लागला. ताईंनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि उभ्या राहिल्या.

"माझ्या वडिलांच्या," त्या म्हणाल्या. सगळा हॉल मागे वळला. "जूनच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं मी. त्या पाटावर मी बसणार होते, डॉ. पेल्हम. खीर कशी झाली होती?"