पोराची संध्याकाळची हजेरी

आमच्या घरी रोज संध्याकाळी हजेरी व्हायची. देवापाशी दिवा लागला की माझा लेक ओसरीच्या पायरीवर उभा राहायचा, टाचा जुळवायचा आणि हाक मारायचा, "पप्पा!" मग ते गोठ्यात असोत की न्हाणीत, तिथून ओरडायचे, "हाजिर!" मागोमाग "आई!" माझे हात पिठात असले तरी खणखणीत "हाजिर" म्हणावं लागायचं, नुसता हुंकार चालायचा नाही. शेवटी तो स्वतःचं नाव घ्यायचा, स्वतःच हाजिर म्हणायचा आणि मगच ताटावर बसायचा.

ही खोड त्याच्या बापाची. आमचे हवालदार पलटणीतून कायमचे घरी आले तेव्हा पोरगा दहा-अकरा वर्षांचा होता. बोलायला उशिरा लागलेला, नजरेला नजर देत नसे, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून परड्यात पळे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. गावात कुणी त्याला खुळं म्हणे, कुणी देवाचं लेकरू म्हणे, आणि मला दोन्हींचा सारखाच राग येई. हवालदारांना पोराशी कसं वागावं ते उमगेना, म्हणून त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. उठायची वेळ, अंघोळीची वेळ, चादरीची घडी, बुटांना पॉलिश, आणि दिवस मावळल्यावर हजेरी. मी म्हटलं, "आवं, लेकरू हाय ते, रंगरूट न्हाई." पण पोरगं खुलायला लागलं. गावातली बाकीची पोरं ज्या शिस्तीला कंटाळून पळतात ती ह्याला इतकी गोड का लागावी, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. पुढे माझ्या लक्षात आलं, की त्याला फक्त एवढंच हवं असतं, यानंतर काय होणार ते आधी कळावं. तसं ते मलाही हवं असतं. मला कुणी सांगत नाही, इतकंच.

हजेरीत तेव्हा अजून एक नाव होतं, आजी. माझ्या सासूबाई. त्या गेल्या, त्यानंतरही पोरानं सवयीनं हाक मारली, "आजी!" आणि तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. हवालदारांच्या तोंडून निघून गेलं, "गैरहाजर." झालं! गैरहाजर राहणाऱ्याला शिक्षा होते हे त्यांनीच शिकवलेलं. पोरगा घाबरून खोल्या-खोल्यांतून आजीला शोधत फिरला, जेवला नाही. मग आम्ही त्याला समजावलं, की आजीचं नाव आता घ्यायचं नाही. ते त्यानं ऐकलं. पण "पप्पा" झालं की तो थांबायचा. एखाद्या माणसाला हाजिर म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच थांबायचा, आणि मग "आई" म्हणायचा. रोज. वर्षानुवर्षं.

त्या थांबण्यानं माझी झोप उडाली. एक दिवस तीनदा थांबून तो एकटाच हाजिर म्हणेल आणि जेवायला बसेल तेव्हा ताटात काय असेल? ताट कोण वाढेल? कुठल्या घरात? माझा लेक आमच्यामागे कुठे राहणार, हा एकच प्रश्न होता माझा. बाकी सगळी चौकशी त्याच्यापोटी.

माझी जाऊ मनानं चांगली. ती म्हणाली, "आमी हाय की. खाईल दोन भाकरी, लय काय लागतंय त्येला?" मी विचारलं, "त्याची दाढी कोण करून देईल गं?" तिनं पदर तोंडाला लावला आणि हसतच सुटली. मीही हसले. पण तिथंच मला कळलं, की भावकीच्या भरवशावर भाकरी मिळते, बाकीचं मिळत नाही.

मी अंगणवाडीत कामाला. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं ही माझी नोकरी आणि हौस, दोन्ही. तेव्हा मी विचारत सुटले. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला, बँकेच्या रांगेत, तहसीलच्या पायरीवर. काय काय कळत गेलं! निराधारांची पेन्शन असते, आजारपणाचा विमा असतो, फौजी बापामागं अशा पोराला आयुष्यभर पेन्शन मिळू शकते. आणि सगळ्यात नवल म्हणजे, पोरगा अठरा वर्षांचा झाला की आईबाप कायद्यानं आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. कलेक्टर ज्या कमिटीचे प्रमुख असतात, तिच्याकडून पालकत्व मागून घ्यावं लागतं. हे ऐकलं त्या दिवशी मी त्याच्या डोक्याला तेल लावता लावता विचार करत होते, मग इतकी वर्षं मी कोण होते?

हे सगळं एका दाखल्यावर उभं होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर तपासतात आणि अपंगत्व किती टक्के ते लिहितात. चाळीसच्या वर लिहिलं तर दारं उघडतात. माणसाचे टक्के कसे काढत असतील, हे बघायची मला इतकी उत्सुकता होती की मी भीती विसरले.

पण हवालदारांनी तिथं घोळ घातला. आमच्या भागात घरटी एक फौजी. इथं पोराला सरकारी डॉक्टरपुढं न्यायचं म्हणजे एकच गोष्ट माहीत, भरती. त्यांनी आठ दिवस तालीम घेतली. केस बारीक, पँटला इस्त्री, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. "साहेबांनी काय बी विचारलं तर मोठ्यांदा येस सर म्हणायचं." निघताना शेजारचे म्हातारबा पारावरून ओरडले, "पास हून या रं!" हवालदारांनी हात वर केला. मी त्यांना म्हणाले, "आवं, आपल्याला पास व्हायचं न्हाई." ते म्हणाले, "तू गप बस. इम्प्रेशन पडाय पाहिजे."

इम्प्रेशन पडलं. डॉक्टरांनी विचारलं, "अंघोळ स्वतः करतोस?" "येस सर!" "एकटा बाजारात जातोस?" "येस सर!" तो आयुष्यात एकटा बाजारात गेलेला नाही. डॉक्टर हवालदारांकडे वळले. तेही ताठ उभे. सगळं करतो साहेब, काही अडचण नाही साहेब. मी तोंड उघडलं की ते माझ्याकडे असे बघत, जणू मी रांग मोडली. डॉक्टरांनी जे समोर दिसलं ते लिहिलं, आणि ते चाळीसच्या बरंच खाली होतं.

गावात शिरताना म्हातारबांनी विचारलं, "झाला का पास?" हवालदार कसनुसं हसले. घरी आल्यावर मात्र मी फुटले. "तुमच्या इम्प्रेशनपायी पोरगं रस्त्यावर यील," म्हणाले. उशिरानं ते एवढंच म्हणाले, "साहेबासमोर माझ्या पोराला हे येत न्हाई, ते येत न्हाई, असं मला म्हणवत न्हाई गं." तेव्हा माझा राग बसला. मला वाटलं होतं त्यांना समजत नाही. त्यांना समजत होतं, सोसत नव्हतं.

फेरतपासणीचा अर्ज केला. दुसऱ्या खेपेला तालीम नाही, पॉलिश नाही. त्यांना बाहेरच बसवावं असं माझ्या मनात होतं, पण ते आत आले आणि साहेबांपुढे पुन्हा ताठ उभे राहिले. मग ते म्हणाले, "साहेब, रिपोर्ट देतो." आणि त्यांनी खरोखर रिपोर्ट दिला, समोरच्या भिंतीकडे बघत, आवाज न हलवता. रस्ता ओलांडता येत नाही. सुट्टे पैसे कळत नाहीत. दुखलं तर कुठं दुखतं ते सांगता येत नाही. दार वाजवून कुणी आत आलं तर त्याला घरच्यासारखं बसवून घेतो, चोर असला तरी. प्रत्येक वाक्यानंतर शेजारी उभा पोरगा मोठ्यांदा म्हणत होता, "येस सर!" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. या वेळी त्यांनी बराच वेळ घेतला. मी टक्के कसे काढतात ते बघायचं पार विसरून गेले, माझं सगळं लक्ष हवालदारांच्या मानेवर होतं. शीर ताठ झाली होती.

चाळीसच्या वरचा दाखला मिळाला. तिथल्या दवाखान्याच्या रांगेत एका आईकडून मला आटपाडीच्या बाजूचं एक घर कळलं. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी स्वतःच्या अशाच मुलासाठी बांधलेलं. आता त्यात अजून चार जण राहतात, सगळे पंचविशी-तिशीचे. मी आधी एकटीच गेले. कराडहून विटा, विट्याहून पुढं. ऊस मागं पडत गेला तसं आभाळ मोठं होत गेलं. घर साधंच, दारात पाण्याचं बॅरल आणि डाळिंबाची चार झाडं.

मी आत गेले ती थेट स्वयंपाकघरात. डबे उघडून बघितले, डाळीचा वास घेतला. न्हाणीची कडी बाहेरून उघडते का ते बघितलं. गाद्या उलट्या करून बघितल्या. एका पोराला विचारलं, "तुला इथं कोण ओरडतं?" तो म्हणाला, "बाई. चपला घरात आणल्या की." बाई मागं उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आवं ताई, घर बघाय आलाय का छापा टाकाय?" मी म्हटलं, "दोन्ही." मग आम्ही चहा प्यायलो. मी विचारलं, "एखादा चिडला, डोकं आपटायला लागला तर काय करता?" त्यांनी न लाजता सांगितलं, "कवा जमतंय, कवा जमत न्हाई." मला ते आवडलं. सगळं जमतं म्हणाल्या असत्या तर मी उठून आले असते.

एक महिना ठेवून बघायचं ठरलं. दाखल्यामुळं खर्चाचंही जुळण्यासारखं होतं. पोराला सोडून आलो त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर कुणी हाक मारली नाही. हवालदार उगीच गोठ्यात जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "ताई, ह्यो आमची हजेरी घ्यायला लागलाय! पोरं खूश हायती. पण पप्पा म्हनून थांबतोय, आई म्हनून थांबतोय, आन् जेवाय बसंना." मग रोज दिवेलागणीला आम्ही फोन लावायचो आणि फोनवरून हाजिर म्हणायचो. ते चाललं. एक दिवस रेंज गेली, मी गच्चीवर चढून, टाकीवर उभी राहून ओरडले, तरी फोन लागला नाही. तो त्या दिवशी उपाशी झोपला. टाकीवरून उतरताना माझ्या मनात आलं, हा फोनही एक दिवस असाच लागायचा नाही. मग आपण केलं काय? नुसती हजेरी लांबवली.

हवालदार म्हणाले, "बास. घेऊन येऊ त्याला." मी नाही म्हणू शकले नाही, मलाही तेच हवं होतं. महिना पुरा व्हायच्या आत आम्ही निघालो. त्या संध्याकाळी वाटेत असू, फोन येणार नाही, हे बाईंना कळवलं होतं. पोचेपर्यंत दिवस मावळला. रस्त्यात मेंढरं आडवी आली, त्यात अजून उशीर. फाटकाशी आलो आणि आतून त्याचा आवाज आला. हजेरी चालू होती. आम्ही डाळिंबाच्या आड थांबलो.

एकेक नाव, एकेक हाजिर. मधेच एका नावाला उत्तर आलं नाही. माझा लेक थांबला, आणि स्वतःच म्हणाला, "छुट्टीवर." मग बाई हाजिर झाल्या. मग त्यानं हाक मारली, "पप्पा!"

हवालदारांनी छाती भरून घेतली. मी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"छुट्टीवर," तो म्हणाला. आता तो नेहमीसारखा थांबेल असं मला वाटलं. तो थांबला नाही. कितीतरी वर्षांनी त्यानं ते नाव घेतलं. "आजी! छुट्टीवर. आई! छुट्टीवर." मग स्वतःचं नाव, हाजिर, आणि ताटांचा आवाज.

बाईंनी नंतर सांगितलं, एक जण बहिणीच्या लग्नाला घरी गेला होता. त्याच्या नावाशी हा अडून बसला, तेव्हा त्यांनी याच्या बापाचाच पलटणीतला शब्द काढून त्याला दिला. पण आजीला त्या यादीत कुणी बसवलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मलाही नाही. ते त्याचं त्यानं केलं.

तेव्हा हे काही कळलं नव्हतं. हवालदारांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या बोटांना लागत होतं. मला रडू आणि आनंद एकदमच आला, आणि रागही आला, आम्हाला त्यानं सरळ आजीच्या रांगेत बसवलं म्हणून. जेवताना मध्ये कुणी आलेलं त्याला खपत नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून राहिलो. तो उष्टं ताट घेऊन बाहेर आला तेव्हा आम्ही दिसलो. तो दचकला नाही. बापाच्या बुटांकडे बघत त्यानं विचारलं, "छुट्टी संपली?"

हवालदार माझ्याकडे बघायला लागले. त्याचे कपडे भरायला आणलेली रिकामी पिशवी माझ्या मांडीवर होती.

"न्हाई रं," मी म्हणाले. "अजून हाय."

"बरं," तो म्हणाला, आणि ताट घासायला गेला.