आमच्या घरची जुनी मेंबर

परदेशातल्या एका फुटबॉल क्लबाला मी दरवर्षी मेंबरशिपचे पैसे भरतो, हे कळलं की लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी चंद्रावर गुंठा घेतलाय. "अरे, त्या क्लबाला आपली परंदवडी कुठं आहे ते तरी माहीत आहे का?" म्हणतात. नसू दे ना! मला माहीत आहे ना तो क्लब कुठं आहे ते. प्रेमात दोघांनाही एकमेकांचा पत्ता ठाऊक असलाच पाहिजे, असं कुणी सांगितलं?

पैसे भरून मिळतं काय, तर एक प्लॅस्टिकचं कार्ड, एक लाल मफलर, जो आमच्याकडे नेमका उन्हाळ्यात येऊन पडतो, आणि ढीगभर ईमेल. पण खरी गोष्ट निराळीच. तिकिटं विकायला काढली की ती आधी मेंबरांना. त्यातही जुन्यांना आधी, नव्यांना मागून, आणि जे मेंबरच नाहीत त्यांना उरलंसुरलं. म्हणजे गावच्या जत्रेत मान असतो ना, पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, अगदी तसंच. फक्त हा मान पैसे भरून घरबसल्या मिळतो. मला ही पद्धत एकदम पटली. जत्रेत आमच्या घराचा नंबर कायम पार शेवटी, मंडपाच्या दोरीशी. म्हटलं, चला, एका ठिकाणी तरी आपण पुढं उभे राहू.

घोळ झाला तो नावाचा. आता हे नीट सांगतो, कारण शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. आमच्याकडे सभासद म्हणजे माणूस नसतो, घर असतं. वडील गेले तसं गॅसचं पुस्तक, लाइटचं मीटर, दूध डेअरीतला शेअर, सगळं आईच्या नावावर झालं. पण डेअरीच्या वार्षिक सभेला जातो मी. आईच्या नावापुढं सही मी करतो, आईच्या नावानं हात मी वर करतो, आईच्या नावानं चेअरमनशी भांडतो आणि सभासदांना वाटलेला स्टीलचा डबा बगलेत मारून घरी येतो. आजवर एकानंही विचारलं नाही, की बाबा रे, ह्या बाईला मिशी कधी फुटली?

त्यामुळे क्लबाच्या वेबसाइटवर "सभासदाचं नाव" असा रकाना आल्यावर मी विचारसुद्धा केला नाही. बोटांना सवय असते. टाकलं आईचं नाव आणि भरले पैसे.

मग वर्षानुवर्षं क्लब आईला पत्रं लिहीत राहिला. सराव कसा चालू आहे, कुणाचा पाय मुरगळला, नवीन जर्सी कशी आहे, सगळं आईला. आईच्या आधार कार्डावर एक जून ही जन्मतारीख आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे, कारण खरी कुणालाच ठाऊक नाही. तर दर एक जूनला क्लबाचा कप्तान व्हिडिओतून आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. पहिल्या वर्षी मी तो आईला दाखवला. आमच्या घरात वाढदिवस फक्त पोरांचे होतात, त्यामुळे तिला वाढदिवसाचं बोलणारा जगातला पहिला माणूस म्हणजे हा गोरा कप्तान.

"ह्यो कोन?" आई म्हणाली.

"आपला कप्तान आहे."

"बरा हाय. पर लय वाळलाय. जेवाय घालत न्हाईत का त्याला?"

अशी ती आमची जुनी मेंबर.

आणि एके दिवशी बातमी आली, की क्लब भारतात येतोय. नवी मुंबईला मैत्रीची मॅच! मी कंपनीच्या कँटीनमध्ये ओरडलो, हातातलं ताक सांडलं. शिकत होतो तेव्हापासून ह्या क्लबावर जीव टाकलाय मी. हरला की जेवण जात नाही, जिंकला की बायको म्हणते आज भांडायला मजा येत नाही. आणि आजवर जे काही बघितलं ते टीव्हीवर, तेही शनिवारी लोणावळ्याला मित्राच्या हॉटेलात, भज्यांवर तुटून पडलेल्या पर्यटकांच्या डोक्यांमधून. एकदा, फक्त एकदा, डोळ्यांनी बघायचं होतं. मेल्यावर स्वर्ग दिला तरी मी आधी विचारणार होतो, मैदान आहे का.

हा लोणावळ्याचा मित्र हॉटेलात मॅनेजर आहे आणि माझ्यामुळेच मेंबर झालाय, पण अलीकडे. तिकिटं निघाली त्या सकाळी आम्ही दोघं आपापल्या घरी फोन धरून बसलो. जुना मेंबर म्हणून माझं तिकीट पहिल्या झटक्यात आलं, पार मैदानाजवळचं. त्याला दुपारी मिळालं, लांब कोपऱ्यातलं. मी त्याला फोन करून इतकं चिडवलं की विचारू नका. "रांगेत मागं उभं राहायची सवय कर," म्हटलं.

तो शांतपणे म्हणाला, "तिकिटावर नाव कुणाचं आहे?"

"आईचं. का?"

"खाली वाच."

खाली लिहिलं होतं, की तिकीट ज्याच्या नावाचं त्यालाच प्रवेश, दारात फोटोचं ओळखपत्र बघितलं जाईल, तिकीट दुसऱ्याला देता येणार नाही. मी म्हटलं, लिहितात तसं, डेअरीतही लिहितात. तो म्हणाला, "अरे येड्या, ती डेअरी नाही!" मग मी क्लबाला लांबलचक पत्र लिहिलं. की मेंबर आई असली तरी रडतो मी, ओरडतो मी, पैसे भरतो मी. दोन दिवसांनी उत्तर आलं. अतिशय गोड. आपल्या मातोश्रींचं स्वागत करायला आम्ही उत्सुक आहोत, सोबत कुणाला आणता येणार नाही, कळावे. बिनमेंबरांची तिकिटं तोवर संपलीसुद्धा होती. मित्र म्हणाला, "आता एकच उपाय. मिशी काढ आणि नऊवारी नेस." त्याला हसायला काय जातंय!

मग मी डोकं लावलं. आईलाच घेऊन जायचं. दारात तिनं सांगायचं, की मी म्हातारी, मला यातलं कळत नाही, माझ्या जागी पोराला सोडा. म्हाताऱ्या बाईला कोण नाही म्हणतो? रेशन दुकानात चालतं, तलाठ्याकडे चालतं, इथं का नाही चालणार? आई लगेच तयार झाली. जरीकाठाची साडी, गळ्यात क्लबाचा लाल मफलर, आणि कापडी पिशवीत भाकरी, ठेचा आणि पिठलं. लोणावळ्यापर्यंत आम्ही लोकलनं गेलो आणि तिथून मित्राच्या गाडीनं घाट उतरलो. सगळ्या वाटेत मी तिच्याकडून घोकून घेतलं.

"काय म्हणायचं, आई?"

"माझ्या जागी पोराला सोडा."

"आणि तोंड केविलवाणं करायचं."

"आरं, व्हय रं! किती येळा?"

मैदानाबाहेर ही गर्दी! मित्र त्याच्या दाराकडे गेला. जुन्या मेंबरांचं दार मात्र वेगळं, तिथं रांग नावालाच. मांडवाखाली एक मुलगी टेबल टाकून बसली होती. तिनं आईच्या तिकिटाचा कागद बघितला, आधार कार्ड बघितलं आणि ताडकन उभी राहिली. "आजी! तुम्ही तर आमच्या खूप जुन्या मेंबर! या ना, तुम्हाला आधी आत सोडते." तिनं खरोखर दोघातिघांना बाजूला केलं आणि आईला वाट करून दिली.

मी आईला कोपर मारलं. पुन्हा मारलं.

"सांग की तिला!" मी कुजबुजलो.

आईनं माझ्याकडे बघितलं, त्या मुलीकडे बघितलं, मग त्या मोकळ्या वाटेकडे बघितलं. आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"नाव कुणाचं हाय?" ती म्हणाली.

"तुझं, पण..."

"मंग मीच जाती. डेअरीत बी नाव माजंच हाय. येवढी वर्सं सभेला तू जातूयास. येका तरी वर्सी इचारलंस का, आई, तुला यायचं का म्हनून? ही पोरगी वळख ना पाळख, मला पुढं हो म्हनतीया."

आणि गेली! पदर सावरत, मफलर झटकत, आत गेली. मी बघतच राहिलो. माझा इतका संताप झाला की मी त्या मुलीला म्हणालो, "अहो, तिला ऑफसाइड म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही!" ती म्हणाली, "सर, तशी अट नाहीये." रागावून चार पावलं गेलो आणि थांबलो, कारण आई खोटं काहीच बोलली नव्हती. खरंच नव्हतं विचारलं. मला वाटायचं तिला सभेत काय कळणार, आणि डबा तर घरीच येतोय.

मॅच सुरू झाली ती मला भिंतीपलीकडच्या आवाजावरून कळली. मी फुटपाथवर बसून ठेचा-भाकरी खात होतो. इतक्यात आईच्या बटणांच्या मोबाइलवरून फोन आला.

"आरं, आपली कंची?"

"लाल! लाल कपड्यातली!"

"बरं. लाल लय पळत्यात. पर एकाच बॉलसाठी येवढी मानसं कशापायी भांडत्यात?"

"आई, ते जाऊ दे! बॉल कुणाकडे आहे?"

"आता न्हाई कुनाकडं. आता हाय. त्यो बघ आपला कप्तान! आगं बाई, कसला पळतूय... आरं मार की! मार!"

आणि आत असा गलका उठला की फुटपाथ हादरला. गोल झाला होता. कुणी केला? कसा केला? फोन कट! मी पुन्हा लावला, ती उचलेना. मित्राला लावला, तो उचलेना. हातात भाकरीचा तुकडा धरून मी भिंतीवर ओरडत होतो, "कुणी केला रे?" शेजारचा शेंगदाणेवाला घाबरून टोपली घेऊन पलीकडे जाऊन बसला.

मॅच सुटल्यावर आई बाहेर आली ती दोन पोरींच्या हाताला धरून. गालावर लाल रंगानं क्लबाचं चिन्ह काढलेलं, आवाज पार बसलेला. त्या पोरी मला म्हणाल्या, "काका, तुमच्या आई कसल्या भारी आहेत! एवढ्या जुन्या फॅन आम्ही बघितल्याच नाहीत." आईनं त्यांना सांगितलं होतं म्हणे, की माझ्या पोराच्या लग्नाआधीपासून मी मेंबर आहे. तेही खोटं नव्हतं.

परतताना मी तोंड फुगवून बसलो होतो. आई बसलेल्या घशानं मित्राला सगळी मॅच सांगत होती, त्यानं स्वतः बघितलेली असूनही. कप्तानाच्या गुडघ्याला लागलं, त्याला एरंडाचं पान गरम करून बांधायला पाहिजे. पंच समोरच्यांच्या भावकीतला असावा, सारखा त्यांच्याच बाजूनं. गोल झाल्यावर कप्तान तिच्याकडेच बघून हसला. शेवटी मला राहवलं नाही.

"पुढच्या वर्षी तुझं नाव काढतो आणि माझं टाकतो," मी म्हटलं.

"टाक की," आई म्हणाली. "पर मंग तू नवा. पार शेवटाला हुभा ऱ्हाशील."

नियम तिला आता माझ्याइतकाच कळला होता.

आठवडाभरानं संध्याकाळी डेअरीत दूध घालून आई आली आणि माझ्यापुढं बसली. "मोबाइल काढ," म्हणाली. तिच्या दुधाच्या पैशांतून तिला मेंबरशिप भरायची होती, स्वतःची पुढच्या वर्षाची आणि माझी नव्यानं. मी नको नको म्हणत होतो. तिनं डोळे वटारले तसा गपचूप वेबसाइट उघडली. तिची झाली. मग माझं नाव टाकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच "सभासदाचं नाव" ह्या रकान्यात माझं नाव बघून मला उगाचच लाजल्यासारखं झालं. खाली एक रकाना होता, की आपल्याला क्लबाकडे कुणी आणलं, त्या जुन्या मेंबराचं नाव लिहा आणि हवं असल्यास दोन शब्द.

मी आईला वाचून दाखवलं.

"माजं नाव लिव," आई म्हणाली. "आनि लिव, पोरगा चांगला हाय, म्या वळखती त्याला. आत घ्या."