मेब्रीचा पाय पडायचा तिथली माती

रोझेर गादब्वा यांना पार्कात काम करणारे आम्ही सगळे मामा म्हणायचो. सख्खे मामा ते कुणाचेच नव्हते. त्यांना आणि फेर्नांदमामींना मूलबाळही नव्हतं.

मामा महापालिकेच्या उद्यान खात्यात होते. उन्हाळ्यात गवत आणि हिवाळ्यात बर्फ. आमच्या मॉन्ट्रियलमध्ये प्रत्येक वस्तीला पोरांसाठी बर्फावरच्या हॉकीचं रिंगण लागतं, ते रात्र पडायच्या आत तयार करावं लागतं. बाकीचे लोक नळी सोडायचे, रिंगण भरायचे आणि बिअर प्यायला जायचे. तसा बर्फ आठवड्यात पापुद्रे सोडतो. मामा पातळ पाणी मारायचे, थांबायचे, तो थर पक्का गोठला की दुसरा मारायचे. थांबणं हे त्या कामातलं सगळ्यात अवघड. नाक गोठतं, बोटं गोठतात, आणि हातात करायला काही नसतं. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा तिशीत होतो. पहिल्याच दिवशी मी घाई केली.  मामांनी माझा अख्खा कोपरा फोडून काढला आणि नळी परत माझ्या हातात दिली.

एकोणसत्तर साली शहराला मोठ्या लीगमधला बेसबॉलचा संघ मिळाला. अगदी नवा कोरा. जुन्या संघांना ज्यांच्यावाचून अडणार नव्हतं असे खेळाडू गोळा करून तो उभा केलेला. कुणाचा खांदा गेलेला, कुणाचे डोळे, कुणाचं नशीब. मोठं स्टेडियम नव्हतं, म्हणून आमच्याच पार्कात बाकडी वाढवली, कुंपण घातलं आणि मोसमापुरतं मैदानाचं काम आम्हा चौघांवर सोपवलं, पगार संघाकडून. मधला उंचवटा मामांकडे आला.

हा उंचवटा म्हणजे मातीची बुटकी गादी. तिच्यावर उभा राहून पिचर फलंदाजाकडे चेंडू टाकतो. चेंडू सोडताना त्याचा पुढचा पाय सगळ्या अंगाचं वजन घेऊन उतारावर आदळतो, आणि दर वेळी एकाच जागी. चांगल्या पिचरचं पाऊल दोन बोटंसुद्धा इकडेतिकडे होत नाही. तिथे खड्डा पडतो. तो उकरायचा, ओलवायचा, नवी चिकणमाती भरायची, धुमसाने चोपायची. धुमस नुसता उचलून टाकला म्हणजे चोपलं असं होत नाही. खालचा थर वरच्याला धरतोय की नाही ते तळपायाला कळावं लागतं.

एप्रिलमध्ये जमिनीतला बर्फ सुटला आणि सगळ्या मैदानाची लापशी झाली. पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावरचा, माणूस घोट्यापर्यंत रुतायचा. पाहुण्या संघातल्या एकाने आमच्याकडे वल्हं मागितलं. आमचे पिचरही आम्हाला शिव्या घालायचे, त्या इंग्रजीत असल्यामुळे फक्त फ्रेंच येणाऱ्या मामांना समजायच्या नाहीत. मला समजायच्या, कारण मी आधी इंग्रजांच्या कारखान्यात होतो. मी सांगायचो नाही.

शिव्या न देणारा एकच होता. ड्वाइट मेब्री, केंटकीचा, कोळशाच्या खाणीतल्या माणसाचा मुलगा. अडतीस वर्षांचा. या खेळात ते वय म्हणजे म्हातारपणच. एका सकाळी मामा आणि मी उंचवट्यावर असताना तो एकटाच आला, डाव्या पायाने माती दाबून पाहिली आणि मला म्हणाला, "याला विचार, खाली काय घातलंय."

मी विचारलं. मामांनी उत्तर द्यायच्या ऐवजी त्याच्या गुडघ्याकडे बोट केलं. "तो आधीच अंग चोरतोय. पाय टेकायच्या आधीच. दुखतं का विचार."

मेब्रीने माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. गुडघ्याची गोष्ट त्याने डॉक्टरलाही पूर्ण सांगितली नव्हती. दोनदा कापलेला गुडघा होता. पाय कडक जमिनीवर आदळला की कळ थेट कमरेत जायची, आणि मऊ जमिनीत रुतला की गुडघा पिळवटायचा. त्याला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं, आणि ते कुठल्याच मैदानावर मिळालं नव्हतं.

मामांनी ते करून दिलं. सहज जमलं नाही. आधी वाळू जास्त झाली, मग ओल. मेब्री सकाळी लवकर यायचा, चार फेकी करायचा, मान हलवायचा, आणि मामा पुन्हा उकरायला बसायचे. शेवटी त्यांनी बर्फाचीच रीत धरली. पातळ थर घालायचा, चोपायचा, थांबायचं, मग पुढचा. खालचा थर जरा ओला, वरचा घट्ट. एका सकाळी मेब्रीने चार फेकी केल्या, आणखी चार केल्या, आणि मग तो थांबेचना.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. माझ्यावाचून अडेल असं मला वाटायचं, पण मेच्या अखेरीला ते माझी वाट बघेनासे झाले. एक जण पायाने दाखवायचा, दुसरा तळहाताने. फेर्नांदमामी डब्यातून वाटाण्याचं घट्ट सूप पाठवायच्या. मेब्री ते थंडच प्यायचा. मामी चिडल्या, तर म्हणाला, पोरवयात मीही खाणीत होतो, तिथे गरम कुठून मिळणार, तीच सवय. त्यानंतर मामींनी डबा लोकरीच्या मोज्यात घालून पाठवायला सुरुवात केली.

आमचा संघ हरत होता. हरत होता म्हणजे न चुकता हरत होता. तरी लोक यायचे, गायचे, कुणी साधा झेल घेतला तरी उभे राहायचे. हॉकीत जिंकायची सवय लागलेलं हे शहर, त्याला इथे हरायची मजा वाटत होती. जे थोडे सामने जिंकलो त्यातले बरेच मेब्रीचे. म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आलं. जूनमध्ये त्याला एका वरच्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात टॉबिन नावाचा एकवीस वर्षांचा डावखुरा पिचर घेतला. या धंद्यात असंच असतं. माणूस सकाळी एका शर्टात असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या.

मेब्री निरोप घ्यायला आला. मामा तेव्हा टॉबिनसाठी मोजमाप घेत होते. त्यांनी हात पुसले, हात मिळवला आणि पुन्हा खाली वाकले. पण मेब्रीची जागा त्यांनी मोडली नाही. डावखुऱ्याचा पाय दुसरीकडे पडतो, तेव्हा मोडायचं कारणही नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तो संघ आमच्याकडे खेळायला आला. आमचा शेवटचा नंबर तोवर नक्की झाला होता. त्यांचं मात्र ऑक्टोबरच्या मोठ्या सामन्यांत जाणं ठरलेलं. संघात एकच जागा उरली होती, आणि मेब्रीच्या गुडघ्यावर त्यांच्या मॅनेजरचा भरवसा नव्हता. इथे शनिवारी त्याला खेळवून बघू, पाय टिकला तर नेऊ, असं त्याने वर्तमानपत्रवाल्यांना उघड सांगितलं. अठरा वर्षं हा खेळ खेळून मेब्री एकदाही ऑक्टोबरपर्यंत पोचला नव्हता.

शनिवारी सकाळी आमचा मॅनेजर कॉइल उंचवट्यावर आला. माणूस वाईट नव्हता. संपूर्ण मोसम हरून त्याचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला होता. त्याने बुटाने जागा दाखवली. "मेब्रीचा पाय इथे पडतो ना? इथे विटेसारखं करून टाका."

हे नियमाबाहेरचं नव्हतं. यजमानाने मैदान आपल्या सोयीचं करायचं, सगळीकडे करतात. कुठे गवत वाढवून ठेवतात, कुठे धावपट्टी भिजवून ठेवतात. मी मामांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि कुदळ आणायला सांगितली.

त्यांनी स्वतः केलेली जागा त्यांनी स्वतः खणली. थर एकेक करून निघाले, वडीच्या पापुद्र्यांसारखे. मग खाली कोरडी चिकणमाती घातली, जेमतेम ओलवली, आणि धुमस घेतला. मला हात लावू दिला नाही. मी म्हणालो, "मामा, वरवर चोपा ना. कॉइलला काय कळतंय?"

"लुसियाँ," ते म्हणाले, "पगार कोण देतं?"

"संघ."

"आणि मेब्री कुठल्या संघात आहे?"

 ते चोपत राहिले. त्या दिवशी माती जितकी घट्ट बसली तितकी मी पुढे कधी पाहिली नाही. काम संपल्यावर त्यांनी टाच आपटून पाहिली, धुमस उभा करून ठेवला आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. बोलायचंय, आणि हे हाताने दाखवता यायचं नाही."

पाहुण्यांच्या बाकावर मेब्री गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. मामांना बघून उठायला लागला, मामांनी बसवलं.

"त्याला सांग, त्याची जागा मी काढून टाकली. कडक केलीय."

मी सांगितलं. मेब्रीने विचारलं, "किती?"

मामांनी बाकाच्या लाकडावर बोटाची पेरं आपटली.

मेब्री थोडा वेळ पट्टीच गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "याने स्वतः केली?"

"स्वतः," मी म्हणालो. "कुणाला शिवू दिलं नाही."

"मग निदान सगळीकडे सारखी असेल. दुसऱ्याने केली असती तर मध्येच फुटून पाय मोडला असता." आणि मामांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "म्हाताऱ्याला सांग, चेहरा असा करू नकोस. अजून मेलो नाहीये."

मी शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मामांचा चेहरा तसाच राहिला.

सामना सुरू झाला, आमच्याकडून टॉबिन टाकत होता. ऊन होतं आणि कोरडा वारा. नऊ डावांच्या सामन्यातले पहिले दोन डाव मेब्रीने निभावले. तिसऱ्यात पाय टेकताना त्याचा जबडा आवळलेला दिसू लागला. चौथ्यात आम्ही दोन धावा काढल्या. चौथा संपवून तो बाकाकडे गेला ते पाय ओढत. त्यांच्या मॅनेजरने दुसऱ्या पिचरला हात गरम करायला पाठवलं. मामा आमच्या छपराखाली उभे होते. मेब्रीकडे बघत नव्हते, त्याच्या पायाखालच्या मातीकडे बघत होते.

पाचवा डाव संपला की आम्ही चौघं आत जातो, धावपट्टी दाताळ्याने ओढतो, उंचवटा झाडतो आणि त्यावर झारीने पाणी घालतो. दर सामन्यात घालतो. त्या दिवशी कॉइलचा निरोप आला, आज पाणी नको.

मामांनी ऐकलं. झारी भरली. आत गेले.

मी दाताळं ओढत होतो, पण नजर तिकडेच होती. मामांनी उंचवट्याच्या वरून सुरुवात केली आणि सगळीकडे सारखं पाणी दिलं. मेब्रीच्या जागेवर थेंब जास्त नाही, टॉबिनच्या जागेवर थेंब कमी नाही. पाणी मुरेपर्यंत झारी धरून उभे राहिले. लोकांमधून कुणीतरी ओरडलं, बाबा, फुलं कधी येणार? सगळी बाकडी हसली.

कॉइल बाहेर आला. मानेपर्यंत लाल झालेला. पाणी कुणी सांगितलं, असं त्याने मला विचारलं, कारण मामांना विचारून उपयोग नव्हता. मामांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं आणि मी ते इंग्रजीत केलं.

"कडक करायला सांगितलंत, केली. ती कडकच आहे. पण कोरडी माती फुटते. तिच्यावर तुमचा पोरगाही उभा राहतोय. कोरडी ठेवायची असेल तर उद्यापासून दुसरा माणूस बघा, आज झारी माझ्या हातात आहे."

कॉइलने खाली पाहिलं. टॉबिनच्या जागेभोवती बारीक भेगा पडायला लागल्या होत्या, ओलीमुळे त्या मिटत होत्या. तो परत गेला. मामांना काढून टाकतील असं मला वाटत होतं. मामींना काय सांगायचं, याची मी जुळवाजुळवही करू लागलो होतो.

ओल्या मातीने जरासा जीव धरला. जरासाच. मऊ झाली नाही, मामांचं चोपणं होतं ते. पण सहाव्या डावात मेब्रीचा पाय टेकला तेव्हा तो क्षणभर थांबला, खाली बघितलं आणि पुढचा चेंडू टाकला. आठव्या डावापर्यंत तो टाकत राहिला. आम्ही दोन विरुद्ध एक असे जिंकलो. टॉबिनने सगळे नऊ डाव टाकले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मेब्री हरला. पण शेवटचा फलंदाज बाद करून तो आपल्या पायांनी बाकापर्यंत चालत गेला, आणि त्यांच्या मॅनेजरने त्याच्या पाठीवर हात ठेवलेला मी पाहिला.

कॉइलने मामांना काढलं नाही. पाण्याचा विषयही पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी मेब्री मामांच्या घरी जेवायला आला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मामींनी दुसरी खुर्ची ओढली, उशी घातली आणि त्याचा पाय वर ठेवायला लावला. ऑक्टोबरची जागा मिळाल्याचं त्याने पहिल्या घासानंतर सांगितलं. मामींनी त्याला डुकराचं मांस भरून भाजलेल्या पेस्ट्रीचा आणखी एक तुकडा वाढला.  मामा ताटात बघतच मला म्हणाले, विचार, फार दुखलं का.

"पाचव्या डावापर्यंत तुला शिव्या देत होतो," मेब्री म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर दम उरला नाही."

मामा हसले. त्या दिवसात पहिल्यांदा.

ऑक्टोबरमध्ये मामींनी शेजाऱ्यांचा टीव्ही मागून आणला. मेब्रीला एकच डाव टाकायला मिळाला, तोही सामना जवळजवळ हातातून गेल्यावर. मी मामांच्या शेजारी बसलो होतो. चेंडू कुठे गेला, फलंदाज बाद झाला की नाही, हे ते मला विचारत होते. त्यांची स्वतःची नजर पडद्याच्या खालच्या बाजूला होती. तीन फलंदाज झाले, डाव संपला.

"बाद झाले का?" मामांनी विचारलं.

"तिन्ही," मी म्हणालो.

"पाय नीट पडत होता," मामा म्हणाले, आणि मामींना सूप गरम करायला सांगितलं.