बांड्याच्या शेपटीची चौकशी

आमचे मामाजी या पृथ्वीतलावर फक्त एका प्राण्यावर विश्वास ठेवतात आणि तो प्राणी म्हणजे ससा. "त्याले पळाचं हाये अन् तो ते लपवत नाई," असं ते म्हणतात. बाकीची सगळी सृष्टी त्यांच्या लेखी संशयित आहे. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घाटंजीपासून आठ-नऊ किलोमीटरवर त्यांचं गाव, गावाला लागून कपाशी आणि तुरीचं वावर, आणि त्या वावरापेक्षा मोठा त्यांचा संशय. मी घाटंजीच्या कॉलेजात होतो तेव्हा तीन वर्षं त्यांच्याच घरी राहिलो. तेवढ्या काळात त्यांनी दूधवाल्यावर, हवामानाच्या बातम्यांवर, नव्या विजेच्या मीटरवर आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळावर संशय घेतलेला मी पाहिला. घड्याळाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की आपण पाहतो तेव्हाच ते बरोबर चालतं. बियाण्याचं पाकीट घेताना ते दुकानातच दोन बोटांनी दाबत, उन्हात धरत, हुंगत आणि दुकानदाराला विचारत, "तुमी सोताच्या वावरात हेच लावलं का?" दुकानदाराला वावर नसे. बाहेर आल्यावर मामाजी मला म्हणत, "पाह्य. ज्याले वावर नाई तो बियाणं इकते."

हा संशय कलेच्या उंचीला पोचायचा तो कुत्र्यांच्या बाबतीत. मामाजींना सशाच्या शिकारीचा नाद होता आणि त्यासाठी लागणारा कुत्रा बाजारात मिळत नाही, तो घरी तयार करावा लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं. कारवानी जातीचा कुत्रा लांब तोंडाचा, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा. पण मामाजींच्या मते तो म्हणजे नुसती फटफटी. "धावते बराबर, पण कुठं वळाचं ते तिले सांगा लागते." उलट गावरानी कुत्रा म्हणजे गावचा कोतवाल. साऱ्या गावाची खबर ठेवतो, पण बसल्या जागेवरून उठत नाही. या दोघांचा क्रॉस करायचा, आणि तोही आण्यांच्या हिशेबात. आठ आणे कारवानी आणि आठ आणे गावरानी, हे त्यांचं सोनं. बारा आणे कारवानी झाला की खडकात पाय मोडून घेतो. चार आण्यांचा बाभळीखाली बसून सशाला जाताना पाहतो. क्रॉसचा क्रॉसशी क्रॉस ते कधीच करत नसत. संकरित कपाशीची सरकी घरी ठेवून दुसऱ्या वर्षी लावली की कशी फसगत होते हे त्यांनी भोगलं होतं, आणि कपाशीला जे लागू ते कुत्र्याला लागू, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका नसलेली त्यांच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट असावी.

पिल्लू निवडायची त्यांची पद्धत अशी. दहाव्या दिवशी सगळी पिल्लं सुपात घालून अंगणाच्या मधोमध ठेवायची आणि आई पहिल्यांदा कोणतं उचलून नेते ते पाहायचं. ते पिल्लू सर्वांत कसदार. पण मामाजींचा आईवरही विश्वास नव्हता. "पह्यलं तिनं मले दाखवाले उचललं," असं म्हणून ते पिल्लं पुन्हा सुपात घालत आणि स्वतः तुराट्यांच्या कुडामागे लपून दुसरी फेरी पाहत. मग नखं मोजायची. वीसनख्या कुत्रा पकडीला पक्का. ते स्वतः दोनदा मोजत, मग आत्याकडून मोजून घेत, आणि आत्याची बेरीज जुळली की तिच्याकडे निरखून पाहत. आत्या एकदा म्हणाली, "माह्या हाताची बोटं मोजून घ्या आधी. लग्नात मोजाची राह्यली तुमची."

मला हे सगळं प्रकरण अपराध वाटत होतं आणि मी तसं बोलून दाखवत होतो. आमच्या यवतमाळच्या घरी चळवळीचं वातावरण, वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त. आई पापड वाळत घालायलाही पत्रकंच अंथरायची, त्यामुळे अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे मला पापडाइतकं साधं वाटत होतं. मी वाद घालायचो. एकदा विचारलं, "मामाजी, कुत्र्यांत जात मोडलेली चालते, मग माणसांत काहून नाही?" ते शांतपणे म्हणाले, "माणसाले काय शिकारीले न्याचं हाये?" या उत्तरावर मला आजही चीड येते. शेवटी मी पत्रक काढलंच. 'ससा कोणाच्या बापाचा?' असा मथळा. ससा मारणं कायद्यानं गुन्हा आहे, तो पोटासाठी नसून मौजेसाठी मारला जातो, आणि हे माझ्या स्वतःच्या आत्याच्या घरी चालतं याची मला लाज वाटते, असा मजकूर, आणि खाली माझं पूर्ण नाव. घाटंजीच्या बाजारात वाटलं आणि एक प्रत मामाजींच्या गोठ्याच्या दारावर चिकटवली. आत्यानं माझी बॅग भरायला घेतली.

मामाजींनी पत्रक उभ्याउभ्या वाचलं. मग सोलून काढलं आणि मागे काही छापलंय का ते पाहिलं.

"खाली नाव तुहंच हाये?"

"हो."

"छापखान्यावाल्यानं टाकलं का तू सांगतलं?"

"मी सांगितलं."

त्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. "या गावात माह्याविरुद्ध लय जण बोलते," ते म्हणाले. "नाव टाकणारा तू पह्यला." आणि त्या दिवसापासून त्यांच्या विश्वासाच्या यादीत सशाखाली माझं नाव लागलं. शिकार थांबली नाही. पण ज्या कापसाच्या खोलीची चावी आत्यालाही मिळत नसे, ती ते माझ्याजवळ देऊन गावाला जाऊ लागले.

पुढे जे घडलं ते या चावीमुळेच. हरणी ही त्यांची सगळ्यांत लाडकी कुत्री, सोळा आणे गावरानी. ती माजावर आली. तिच्यासाठी मामाजींनी फुलसावंगीच्या एका ओळखीच्या माणसाचा कारवानी ठरवला होता आणि तो आणायला त्यांना स्वतः जायचं होतं, कारण दुसऱ्यानं आणलेला कुत्रा तोच कशावरून? इकडे गावातली झाडून सारी कुत्री फाटकाबाहेर जमली होती. त्यांत पुढे होता बांड्या. बस थांब्यावर राहणारा, बिनशेपटीचा, म्हणून त्याचं नाव बांड्या. मामाजींनी हरणीला रिकाम्या झालेल्या कापसाच्या खोलीत घातलं, कुलूप ठोकलं आणि चावी माझ्या हातात दिली. "उद्याच्याले येतो. कोनी काईबी म्हणो, उघडू नोको."

दुपारी हरणी कण्हू लागली. मी खोलीसमोरच्या ओसरीवर बसून नवं पत्रक लिहीत होतो, आणि मला स्पष्ट आठवतं की 'कुलूप ही मालकीची पहिली खूण आहे' या वाक्यावर मी आलो होतो. पलीकडे एक जीव रक्ताच्या हिशेबासाठी कोंडलेला. शिवाय शिकारी पिल्लांची ही वीण बिघडली तर किती ससे वाचतील, हाही विचार होता. मी उठलो आणि दार उघडलं. हरणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही घाई नसल्यासारखी बाहेर गेली. तासाभरानं ती आपली आपण परत आली आणि खोलीत जाऊन बसली. मी पुन्हा कुलूप लावलं. कुलूप लावताना माझ्या तत्त्वांनी काही आवाज केला नाही.

मामाजी दुसऱ्या दिवशी कारवानी घेऊन आले, ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलं, आणि दोन महिन्यांनी हरणीला पाच पिल्लं झाली. तीन लांब तोंडाची. दोन बिनशेपटीची.

मामाजी ओरडले नाहीत. ते दोन दिवस विचार करत बाजेवर बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न मांडला. बांड्या जन्मताच बांडा आहे, की त्याची शेपटी नंतर तुटली? तुटली असेल तर हरणी निर्दोष, आणि बोगस माल फुलसावंगीचा. "छाटलेली फांदी बियात येत नाई," ते म्हणाले. जन्मताच नसेल, तर मात्र दाराची गोष्ट निघते. म्हणून आधी शेपटीची रीतसर चौकशी करायची. जबान्या लिहायला त्यांनी मला नेमलं. "तू खोटं नाई लिवत."

मी वही घेऊन त्यांच्यामागे गावभर हिंडलो. थांब्यावरचा चहावाला छातीठोकपणे म्हणाला, "यवतमाळच्या बसखाली गेली शेपटी. म्या सोता पाह्यलं."

"कोनत्या साली?" मामाजींनी विचारलं.

चहावाल्यानं साल सांगितलं.

"त्या साली रस्ता खणला होता. बस येतच नव्हती."

"मंग ट्रक असंल," चहावाला म्हणाला आणि दूध उतू चाललंय असं दाखवू लागला. शिंप्यानं सांगितलं, की शेपटी त्याच्याच दुकानाच्या दारात चेंगरली. मामाजींनी ते दार उघडून-लावून पाहिलं. ते जमिनीपासून वीतभर वर होतं. "तू काहून खोटं बोलून राह्यला?" "खोटं नाई, मामाजी. तुमी एवढ्या आशेनं विचारलं तर नाई कसं म्हणू?" मी सगळं लिहीत होतो आणि मनातून चहावाल्याच्या ट्रकला दुवा देत होतो. तो ट्रक खरा ठरला असता तर मी सुटलो होतो. चौकशी संपवली ती झरी जामणीकडून येऊन आमच्या गावात राहिलेल्या एका म्हाताऱ्या कोलाम बाईनं. ती निवांत म्हणाली, "मायच्या पोटातूनच तसा आला तो. माय मेली त्याची. म्याच बकरीचं दूध पाजलं. शेपटी कोठून तुटंल, होतीच कुठं?"

मामाजी सरळ घराकडे वळले. घरी येऊन बाजेवर बसले. आत्या समोर तुरीच्या शेंगा सोलत होती.

"लिव," ते म्हणाले. "दाराले कुलूप होतं."

मी लिहिलं.

"चावी एकच होती."

लिहिलं.

"आता फुडचं तूच लिव."

आत्याचे हात थांबले. मी लिहिलं, 'दार मी उघडलं. हरणी तासभर बाहेर होती. कुलूप मीच परत लावलं.' त्यांनी वही घेतली, वाचलं, आणि सवयीनं पान उलटून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं.

"सही कर. पत्रकावर करते तशी."

मी सही केली आणि म्हणालो, "मामाजी, मी सशांसाठी…"

"सशाचं नाव घेऊ नोको," ते म्हणाले. "तो तोंडासमोर पळते."

मला घराबाहेर काढतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पाचही पिल्लं मात्र त्यांनी शिकारीतून बाद केली. तीन लांब तोंडाची होती तरी, एका पाकिटात दोन बिया बोगस निघाल्यावर पाकीटच बोगस. त्यांतल्या एका बांडीला ते एकदाच तुरीत घेऊन गेले. ससा दिसायच्या आधीच तिनं भुंकून सगळं वावर डोक्यावर घेतलं. येऊन मला म्हणाले, "हे तुह्यावर गेली. पह्यले पत्रक काढते, मंग धावते." त्यानंतर नवा आठ आण्यांचा कुत्रा तयार झालाच नाही; हरणी म्हातारी झाली, मामाजींचे गुडघे बसले आणि शिकार आपोआप संपली. पत्रकानं जे झालं नाही ते माझ्या लबाडीनं झालं, आणि ही गोष्ट कोणत्या पत्रकात लिहावी ते मला अजून कळलेलं नाही.

आता मी यवतमाळला असतो. कापूस घरात आला की आत्याकडे जातो. मामाजी मला पाहिल्याबरोबर कनवटीची चावी काढतात. "कापूस पाहून ये, ओल तर नाई धरली," असं म्हणतात आणि ती माझ्याच हातात देतात, आत्याच्या नाही. पूर्वी चावी देऊन ते गावाला जात. आता ते बाजेवर बसून राहतात, माझी पाठ खोलीच्या दारात दिसेनाशी होईपर्यंत पाहतात, आणि घरीच राहिलेली ती बांडी त्यांच्या पायाशी बसून त्याच दाराकडे पाहत असते.